फिफाची देश-बदल सेवा: नियम चोख, पडताळणी ढिली

एका देशाकडून अधिकृत (म्हणजे मैत्रीपूर्ण नव्हे, स्पर्धेतला) सामना खेळलेल्या फुटबॉलपटूला दुसऱ्या देशाची जर्सी घालायची असेल, तर वाट एकच: फिफाकडे ‘चेंज ऑफ असोसिएशन’चा अर्ज. इच्छा खेळाडूची, पण फाइल पुढे सरकवतो नव्या देशाचा महासंघ आणि निकाल देते फिफाच्याच न्यायमंडळाची, म्हणजे फुटबॉल ट्रायब्युनलची, प्लेअर्स स्टेटस चेंबर. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर नियमांना साडेचार, कागद तपासण्याला जेमतेम दोन.

आधी नियमांचे कौतुक. सप्टेंबर २०२० पर्यंत सीनियर संघाकडून एक मिनिट जरी अधिकृत सामना खेळला तरी खेळाडू त्या देशाला जन्माचा बांधला जाई. मुनीर अल हद्दादी २०१४ मध्ये स्पेनकडून मॅसिडोनियाविरुद्ध १३ मिनिटे मैदानात होता. तेवढ्यावरून मोरोक्कोचा दरवाजा बंद झाला, तो उघडायला २०२१ साल उजाडले. आता अशा खेळाडूला सुटका आहे, मात्र अटी सगळ्याच्या सगळ्या पाळाव्या लागतात. सीनियर संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने, त्यात मैत्रीपूर्णही धरायचे. शेवटचा अधिकृत सामना वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधीचा हवा आणि शेवटच्या सीनियर सामन्याला तीन वर्षे उलटलेली हवीत. विश्वचषकाच्या किंवा युरो, आफ्रिका चषकासारख्या खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकही सामना खेळलेला नको. आणि जुन्या देशाकडून पहिला अधिकृत सामना खेळला त्या दिवशी नव्या देशाचे नागरिकत्व असायला हवे.

बहुतेकांची गाडी या शेवटच्या अटीवर अडते. आई किंवा आजोबा तिकडचे, एवढ्याने इथे भागत नाही. त्या तारखेला नागरिकत्व होते हे दाखवणारा कागद लागतो.

खेळाडू कोणत्याही अधिकृत सामन्यात उतरलाच नसेल आणि फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळला असेल, तर तो बांधलाच जात नाही. वयोगटातले अधिकृत सामने मात्र मोजले जातात, हे अनेक पालकांच्या गावीही नसते. १७ किंवा २० वर्षांखालील संघाकडून पात्रता फेरीत खेळलेल्या मुलालाही पुढे हा अर्ज करावा लागतो. त्या वेळी दुसरे नागरिकत्व नसले तरी वाट आहे: शेवटचा अधिकृत सामना एकविशीच्या आतला असावा आणि नव्या देशाशी खरे नाते असावे. नाते म्हणजे खेळाडूचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म तिथला. तसे नसेल तर वास्तव्य. दहा वर्षांच्या आत गेलेल्या मुलाला तीन वर्षे, त्यानंतर गेलेल्याला पाच. दहा ते अठरा या वयात गेला असेल तर स्थलांतर राष्ट्रीय संघासाठी नव्हते, हेही पटवून द्यावे लागते.

आपल्याकडचे ताजे उदाहरण रायन विल्यम्सचे. ऑस्ट्रेलियाचे वयोगट संघ आणि २०१९ मधला एक सीनियर मैत्रीपूर्ण सामना ही त्याची आधीची नोंद. आईचे घराणे मुंबईचे, आजोबा १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिफाने त्याला भारताकडे येऊ दिले. पुणे एफसीच्या चाहत्यांना आठवणारा अराता इझुमी वेगळा: त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, पण जपानकडून तो खेळलेलाच नव्हता, त्यामुळे प्रश्न फक्त पासपोर्टचा होता.

भारतासाठी ही सेवा अर्धीच कामाची, ती यामुळेच. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर राष्ट्रीय संघात जागा मिळत नाही. ओसीआय म्हणून पाच वर्षांची नोंद आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य, तेव्हा कुठे नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. म्हणजे जुना पासपोर्ट आधी जातो, फिफाचा शिक्का नंतर येतो. त्या दोहोंच्या मधल्या काळात फाइल अडकली तर खेळाडू ना इकडचा ना तिकडचा. म्हणून पासपोर्ट परत करण्याआधी सामन्यांची पूर्ण यादी, तारखा आणि जन्मदाखले महासंघासमोर ठेवून फिफाची अट नेमकी कोणती लागू होते ते लेखी घ्यावे.

आता दोन गुणांचे कारण. फिफा प्रथमदर्शनी महासंघाने पाठवलेल्या कागदांवर विसंबते. मलेशियाने २०२५ मध्ये सात परदेशी जन्माचे खेळाडू आणले, त्यांचे आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे दाखले जोडले आणि परवानगी मिळवली. १० जूनला व्हिएतनामला ४-० ने हरवल्यावर तक्रार आली, तेव्हा कुठे मूळ नोंदी मागवल्या गेल्या. आजी-आजोबांचे जन्म निघाले अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स आणि स्पेनमधले. सप्टेंबरमध्ये मलेशियाच्या महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड झाला, खेळाडूंना प्रत्येकी दोन हजार फ्रँक आणि बारा महिने बंदी. अपील समितीनेही ते कायम ठेवले. जी तपासणी नंतर झाली ती आधी का नाही, याला समाधानकारक उत्तर नाही. दाखल्याची नक्कल महासंघाच्या हातून न घेता जन्मनोंदणी कार्यालयाकडून थेट मागवणे हे काही अवघड काम नव्हे.

दुसरा दोष पाठपुराव्याचा. एमिलियो एन्सुए स्पेनच्या वयोगट संघांतून आलेला. देश-बदलाची परवानगी नसताना तो २०१३ पासून इक्वेटोरियल गिनीकडून खेळत राहिला. त्याच वर्षी केप व्हर्देविरुद्धचा विजय त्याच्यामुळे काढून घेतला गेला होता, तरीही. २०२४ च्या आरंभी आफ्रिका चषकात पाच गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि त्याच वर्षी फिफाने त्याला सहा महिने बाहेर बसवले. विश्वचषक पात्रतेतले दोन विजयही ०-३ पराभव झाले. एवढी वर्षे संघयादी कोण वाचत होते?

अर्ज करणाऱ्यांनी वेळेचे गणित मात्र पक्के ठेवावे. अर्ज दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंत खेळाडूला दोन्हीपैकी कोणत्याच देशाकडून उतरता येत नाही, त्यामुळे महत्त्वाच्या सामन्याच्या तोंडावर फाइल पाठवू नये. मंजुरी मिळाली, पण नव्या संघाकडून एकही सामना खेळायचा योग आला नाही, तर जुन्या देशाकडे परतीचा अर्ज करता येतो, अट एवढीच की तिथले नागरिकत्व अजून शाबूत हवे. भारतीय पासपोर्ट घेतलेल्यासाठी ही परतवाट कागदावरच राहते.