मॉनिटरला खायला पाल-सरडा द्यावा की घरी वाढवलेली झुरळं?
परदेशी मॉनिटर (घोरपडीच्या कुळातला प्राणी) पाळणारे नाशिककर मला हे हमखास विचारतात. (आपली घोरपड पाळायचीच नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे.) रानात मॉनिटर सरडे खातोच, आणि सरडा दिसला की दुभंगलेली जीभ लपलपवत असा झेपावतो की मालक हरखून जातो. पण मखमलाबादच्या द्राक्षबागेतला सरडा फवारणीतले किडे खाऊन आलेला असू शकतो, भिंतीवरच्या पालीच्या पोटात जंत असू शकतात. ते सगळं थेट तुमच्या जनावराच्या पोटात जातं. डब्यात वाढवलेल्या झुरळांनी काय खाल्लं, हे तुम्हाला ठाऊक असतं. कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्या. डब्याला वास येतो, तेवढा सोसा. मी तरी झुरळंच सांगते. पकडलेल्या पालीची तुटकी शेपटी फरशीवर वळवळते, ती मला बघवत नाही.