सलूनमध्ये टक्केवारीवर, घरच्या खोलीत की थेट स्वतःचा स्टुडिओ? पुण्यात परमनंट मेकअपचं काम सुरू करताना

परमनंट मेकअपचा, म्हणजे सुईने भुवया-ओठांच्या त्वचेत रंग भरायचा कोर्स झालाय, मशीन घेतलंय, सरावाच्या लॅटेक्स स्किनवर हात बसलाय, आता बसायचं कुठे हा प्रश्न. पुण्यात साधारण तीन रस्ते समोर असतात, एक म्हणजे चालू सलूनमध्ये टक्केवारीवर खोली, दुसरा घरातलीच एक खोली आणि तिसरा गाळा भाड्याने घेऊन स्वतःचा स्टुडिओ. स्किन क्लिनिक हा चौथा, त्याचंही सांगते. मी हेच काम करते आणि नवीन मुली मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, आणि जवळजवळ सगळ्यांचा हिशोब भाड्यापासून सुरू होतो. माझं म्हणणं की हिशोब हीलिंगपासून, म्हणजे त्वचा भरून येण्यापासून सुरू करा, कारण आपल्या कामाचा निकाल त्या दिवशी लागतच नाही.

बघा ना, ब्रो म्हणजे भुवया झाल्या झाल्या आरशात सगळ्याच जणी खूश असतात, फोटो छान येतो. पाचव्या सहाव्या दिवशी खपली निघायला लागते आणि मेसेज येतो, "ताई, कलर गेला सगळा!" मग आपण समजवायचं की थांबा, साधारण चार आठवड्यांनी रंग वर येतो आणि बसतो. सहा आठवड्यांनी टच-अप, म्हणजे राहिलेला रंग भरायची दुसरी सिटिंग. आणि खरा निकाल वर्षभराने, की ब्राऊन ब्राऊनच राहिला का करडा पडला का नारिंगी झाला. सुई जास्त खोल गेली की रंग निळसर करडा दिसतो, वरवर राहिली तर खपलीबरोबरच निघून जातो. आयर्न ऑक्साइडचे पिगमेंट (त्वचेत भरायचे रंग) फिके पडताना लालसर होऊ शकतात आणि कार्बनचे राखाडीकडे जातात. हे सगळं एकाच चेहऱ्यावर महिनोन्महिने बघितल्याशिवाय तुम्हाला तुमचाच हात कळत नाही.

म्हणजे पहिलं वर्ष असं की काम चालू आहे पण पुरावा हातात नाही. त्या वर्षात दोनच गोष्टी बघायच्या, ठरलेला खर्च कमीत कमी हवा आणि केलेली प्रत्येक बाई तुमच्याकडे परत यायला हवी. या दोन मापांनी तिन्ही रस्ते मोजा.

आधी सलून. इथे तुम्ही ठरलेले दोन-तीन दिवस जाता, खोली त्यांची, लाईट-पाणी त्यांचं, गिऱ्हाईक बरंचसं त्यांचं, आणि झालेल्या कामातले 30 ते 50 टक्के त्यांना. आकडा धरून बघू. ब्रोचे टच-अपसकट 12,000 घेतले, त्यातले 40 टक्के म्हणजे 4,800 सलूनचे, उरले 7,200, त्यातून दोन्ही सिटिंगचं कार्ट्रिज (मशीनला लावायची सुई), पिगमेंट, ग्लोव्हज, शीट, बॅरियर फिल्म मिळून 1,200 धरा, हातात 6,000. दोन सिटिंग मिळून पाच-सहा तास बसणं होतं. कमी वाटतं मान्य आहे, पण एखाद्या महिन्यात कुणीच आलं नाही तर खिशातून काही जात नाही, आणि पहिल्या वर्षात असे महिने येतात.

सलूनचा खरा फायदा विश्वासाचा. कोथरूडला किंवा सिंहगड रोडला जी काकू दहा वर्षं एकाच पार्लरमध्ये थ्रेडिंगला येतेय ती त्या पार्लरवाल्या ताईंच्या शब्दावर तुमच्यासमोर झोपते. हा विश्वास जाहिरातीने मिळत नाही, पैसे ओतले तरी नाही.

आणि खरा धोका घाईचा. "मॅडम आज केस कलर करायला आल्यात, तेवढ्यात ब्रो पण उरकून घे" असं म्हणणारे सलूनवाले भेटतात. नाही म्हणता आलं पाहिजे. पॅच टेस्ट (थोडा रंग लावून अ‍ॅलर्जी बघणं) नाही, प्रेग्नन्सी आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलंय का, कुठे कापलं तर गाठीसारखा व्रण उठतो का, शुगर कंट्रोलमध्ये आहे का, यातलं काहीच विचारलेलं नाही आणि सुई लावायची, हे होऊ द्यायचं नाही. हे टॅटूच आहे, लोक मेकअप म्हणून त्याला हलकं घेतात. अगदी रक्तदानसुद्धा टॅटूनंतर 12 महिने चालत नाही, आणि आपल्याकडे गणपतीत मंडळांची शिबिरं असतात तेव्हा क्लायंटला हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

म्हणून सलूनशी बोलताना तोंडी काही ठेवू नका, एका कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. टच-अपचं सामान कुणाचं, क्लायंटचा फोन नंबर आणि संमतीचा फॉर्म कुणाकडे राहणार, फोटो तुम्ही तुमच्या पेजवर टाकू शकता का, आणि उद्या तुम्ही तिथून निघालात तर राहिलेले टच-अप कुठे करणार. हा शेवटचा मुद्दा बहुतेकजणी विसरतात आणि नेमकी तिथेच भांडणं होतात, कारण सहा आठवड्यांनी क्लायंट येते, तुम्ही तिथे नसता, आणि अर्धवट ब्रो घेऊन ती सगळीकडे तुमचं नाव सांगते. आणि हो, दार असलेली खोली हवी. ब्लो-ड्रायच्या शेजारच्या खुर्चीवर हे काम करूच नका, उघड्या त्वचेवर उडालेले केस येऊन पडतात.

घरच्या खोलीचं वेगळं. सगळे पैसे तुमचे, वेळ तुमची, लहान मूल असेल तर हा रस्ता फारच सोयीचा. परत येण्याच्या मापावरही घर चांगलं, क्लायंट पूर्णपणे तुमची असते. पण खोली म्हणजे फक्त त्याच कामाची खोली, रात्री तिथे गाद्या पडत असतील तर नाही चालणार. पुसता येईल अशी फरशी आणि बेड, हात धुवायला बेसिन जवळ, पांढरा चांगला लाईट, पडदे-गालिचे नकोत, मांजर-कुत्रं आत नको. वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत हे मी दहा वेळा सांगेन, कारण तुमचा ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणारी एक बाई असते आणि ती सुई तिच्या बोटात जाते. टोचणार नाही असा जाड पांढरा डबा घ्या आणि जवळच्या दवाखान्याशी बोलून त्यांच्या बायोमेडिकल कचऱ्यातून जायची सोय लावा. स्वतः हिपॅटायटिस बी ची लस घ्या, तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात, त्यामुळे कोर्स चालू असतानाच सुरू करा.

सोसायटीचं आधी बघा. वॉचमन प्रत्येक वेळी फोन करणार, व्हिजिटर पार्किंगवरून कुरबुर होणार, त्यामुळे कमिटीला आधी विचारून लेखी घेतलेलं बरं. पेठेत घर असेल तर गाडी कुठे लावू हाच क्लायंटचा पहिला प्रश्न असतो. आणि अनोळखी पुरुष क्लायंट घरी घेणं मला पटत नाही, पुरुषांच्या ब्रो किंवा टक्कल झाकायचं स्काल्पचं काम करायचं असेल तर घर सोडून द्या. "घरीच करता ना, मग कमी करा की" हे तर रोज ऐकायचं. कमी करू नका, कार्ट्रिज घरी वापरलं म्हणून स्वस्त मिळत नाही.

आता स्टुडिओ. बाणेर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, नाव घेतलं की डोळ्यासमोर बोर्ड दिसायला लागतो, मला समजतं ते. पण आकडे मांडू. भाडं 30,000 धरा, मदतनीस 12,000, लाईट, नेट, जाहिरात मिळून 8,000, झाले 50,000. एका ब्रोमागे सामान काढून 10,800 उरतात म्हणजे महिन्याच्या पहिल्या पाच क्लायंट फक्त दार उघडं ठेवायला गेल्या, तुमचा पगार सहाव्या बाईपासून. त्यात डिपॉझिट आणि फर्निचर वेगळं, आणि लीव्ह अँड लायसन्सचा करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो रजिस्टर करावाच लागतो, तो खर्च आहे. मुद्रा योजनेत शिशू गटात 50,000 पर्यंत आणि किशोरमध्ये 5 लाखांपर्यंत कर्ज आहे, पण हप्ता आला की पाचाचे सहा-सात होतात.

पैशापेक्षा मला दुसरी भीती वाटते. भाडं डोक्यावर असलं की नाही म्हणायचं धाडस जातं. समोर बाई बसलीय, जुन्या ब्रो कुणीतरी काळ्या करून ठेवल्यात, तिला खरं तर आधी जुना रंग काढायला लेझरला पाठवायला हवं, पण महिना संपत आलाय आणि तुम्ही वरून रंग मारून देता. सहा महिन्यांनी तिच्या कपाळावर जे दिसतं ते तुमचं काम म्हणून दिसतं. स्किन टोनच्या पिगमेंटने जुनं झाकायचा शॉर्टकट तर अजिबात नको, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि पुढे लेझर केलं तर ते काळपट पडू शकतं.

स्टुडिओ कुणी घ्यावा? जिचं आधीच पार्लर चालू आहे तिने, दोघी मिळून भाडं वाटून घेणाऱ्यांनी, आणि जिच्या गेल्या वर्षीच्या क्लायंट आपणहून कलर बूस्टसाठी, म्हणजे फिका पडलेला रंग ताजा करायला परत यायला लागल्यात तिने. पहिल्या दिवसापासून स्टुडिओ, याला मी कुणालाही हो म्हणत नाही.

स्किन क्लिनिक मिळालं तर मात्र नक्की विचार करा, पैसे कमी का असेनात. लिप्सचं काम शिकायचं असेल तर फारच. आपल्याकडच्या सावळ्या ओठांवर थेट गुलाबी चालत नाही, आधी नारिंगी-पीच शेडने काळपटपणा काढावा लागतो, दोन-तीन सिटिंग लागतात, आणि जिला कधी ओठावर हर्पिसचे फोड आलेत तिला ते पुन्हा येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टरकडून गोळ्या लिहून घ्याव्या लागतात. क्लिनिकमध्ये डॉक्टर शेजारच्या खोलीत असतात, कचऱ्याची सोय असते, आणि बधिर करायच्या क्रीमचंही कुणीतरी बघणारं असतं. ऑनलाइन मिळणारी स्ट्राँग क्रीम आणून लावू नका, 4 टक्क्यांच्या वरच्या लिडोकेन (बधिर करायचं औषध) क्रीमबद्दल अमेरिकेच्या एफडीएने मार्च 2024 मध्ये इशारा दिला होता.

मायक्रोब्लेडिंग (हातातल्या ब्लेडने केसासारखे बारीक स्ट्रोक मारणं) का मशीन हा प्रश्न पण याच निर्णयात येतो. ब्लेडचा खर्च कमी, मशीन नको, म्हणून बऱ्याचजणी तिथून सुरू करतात. पण तेलकट त्वचेवर ते बारीक स्ट्रोक पसरतात, वर्षभरात केस दिसायच्या ऐवजी पट्टा दिसतो, आणि आपल्याकडे तेलकट त्वचा भरपूर. मशीनची पावडर ब्रो (बारीक ठिपक्यांनी भरलेली भुवई) अशा त्वचेवर जास्त चांगली बसते, जास्त टिकते, मऊ दिसते. माझं मत स्पष्ट आहे, एकच शिकायचं तर मशीन शिका. तीन बोटांनी त्वचा घट्ट ताणायची, मशीन हलकं ठेवायचं, सुईचा आवाज बदलला की समजायचं त्वचा सैल पडलीय, हे कानाला कळायला लागलं की हात सुधारतो.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना द्यायची असते, उद्यम नोंदणी फुकट आहे (पैसे मागणाऱ्या साईटवर करू नका), जीएसटी वर्षाला 20 लाखांच्या वर गेलात की.

मग मी काय निवडेन? पहिलं वर्ष सलून, आठवड्याचे दोन दिवस, ओळखीच्या पार्लरमध्ये. घरी स्वतंत्र खोली असेल तर दुसऱ्या वर्षी तिथे. स्टुडिओ त्यानंतर.

सुरुवातीची वेळ पण नीट निवडा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि नवरीची पहिली सिटिंग लग्नाच्या तीन महिने आधी व्हायला हवी, म्हणजे टच-अप होऊन रंग बसतो आणि हळदीच्या दिवशी भुवया पूर्ण भरलेल्या असतात. ताज्या ब्रोवर हळद लागली तर काय करायचं हे विचारायची वेळच येऊ नये. डिसेंबरच्या नवऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चौकशी करतात आणि तेव्हा त्या तुमचे हील झालेले फोटो मागणार, ताजे नाही. म्हणून मॉडेल, म्हणजे ज्यांच्यावर काम करून फोटो घ्यायचे त्या, जून-जुलैमध्ये घ्या, चातुर्मासात पार्लर तसंही थंड असतं आणि खोली सहज मिळते. फक्त मॉडेल ढोल-ताशा पथकात आहे का ते विचारून घ्या, सराव तेव्हाच चालू होतो, दोन तास ढोल वाजवून घामाने भिजलेल्या कपाळावर खपली टिकत नाही, तिला विसर्जनानंतरची तारीख द्या, गुलालही तोवर निघून गेलेला असतो.