सोलर पंप घ्यावा की दिवसाच्या लाईनची वाट पाहावी?

"दादा, लाईनच्या जोडणीचं कोटेशन भरून दोन वर्षं झाली. पोल काही येईना. सोलर घेऊन टाकू का?" मामाच्या मुलाने दिवाळीत हे विचारलं, आणि असं विचारणारा तो पहिला नव्हता. लोक मला विचारतात कारण माझ्याकडे दोन्ही आहेत. घराजवळच्या गटात वडिलांच्या काळातली विहीर आहे, तिच्यावर लाईनची पाच अश्वशक्तीची मोटर. ओढ्यापलीकडच्या गटात मी स्वतः खणलेली विहीर, तिच्यावर पाचचाच सौर पंप. अलीकडे गहू, हरभरा, कापूस, पलीकडे मोसंबी. तुलना करायला मला फक्त ओढा ओलांडावा लागतो.

सौर पंपाच्या सरकारी योजनेत लाभार्थी हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के, किती एकराला किती अश्वशक्ती, पैसे भरून प्रलंबित असलेल्यांना प्राधान्य, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. सेतू केंद्रावरच्या पोरालाही ते आता तोंडपाठ आहे.

एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण पुष्कळांचा तिथं घोटाळा होतो. दोन्ही वाटा सौरच आहेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पॅनल तुमच्या बांधावर येतात. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' योजनेत ते उपकेंद्राजवळच्या गायरानावर किंवा भाड्याने घेतलेल्या जमिनीवर बसतात आणि वीज नेहमीच्याच तारांमधून तुमच्या मोटरीपर्यंत येते, फक्त दिवसा. ही दुसरी योजना 2017 सालची, तिचा 2.0 अवतार 2023 चा. त्यातला पहिला प्रकल्प आमच्या मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, 3 मेगावॅटचा, 2024 मध्ये सुरू झाला. म्हणजे लाईनवर राहिलात तरी 'कोळसा जाळतोय' असा ठपका यापुढे तुमच्यावर फारसा येणार नाही.

कोळशाचं निघालंच आहे तर तेही बोलून घेऊ. पाचची मोटर आठ तास चालली की साधारण 30 युनिट खाते. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका विहिरीचे दिवसाला 30 किलो झाले, आणि मोफत विजेच्या योजनेत राज्यातले 44 लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत देशाने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. तो शब्द पाळायचा तर हिशेब फिरून आपल्या विहिरीवर येणारच. आम्हाला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा लोकांनी डोळ्यांत पाणी आणून तोडल्या, आणि 2015 साली परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. पाणी उपसायला वीज लागते हे माहीत होतं, वीज करायलाही पाणी लागतं हे तेव्हा नीट कळलं.

आता खरं सांगायचं तर कोळसा वाचवण्याच्या या एका बाबतीत वाहिनी योजना माझ्या सौर पंपाला मागे टाकते. माझे पॅनल वर्षातले किती दिवस कामाला येतात? मोसंबीला ताण द्यायचा, म्हणजे बहार यावा म्हणून पाणी तोडायचं, तो काळ गेला, पावसाळा गेला, विहीर तळाला जाते ते दिवस गेले. निम्मं वर्षही धड भरत नाही. बाकीचे दिवस पॅनल ऊन खात बसून असतात. उपकेंद्राजवळच्या प्रकल्पाचं तसं नाही. माझी मोटर बंद असली तर ती वीज दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते. त्याच पॅनलमधून जास्त कोळसा वाचतो. धोरण आखणारा मी असतो तर जास्त पैसा तिकडेच लावला असता.

पण मी धोरण आखत नाही, मी पाणी देतो.

खर्चाचं दोन ओळींत सांगतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत वीज मोफत आहे, त्यामुळे आज लाईनचं बिल शून्य. सौर पंपाला हिश्शाचे तीस-पस्तीस हजार एकदाच गेले, बिल नाहीच. 2029 नंतर लाईनचं काय होईल ते त्या वेळचं सरकार ठरवेल. पॅनलला सरकार बदलल्याचं कळत नाही, एवढाच काय तो फरक. रात्रीच्या पाळीचं म्हणाल, तर थंडीत बॅटरी घेऊन दारं धरणं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवणं, पायाखाली काय येईल याची धास्ती आणि अलीकडे बिबट्या, हे दोन्ही वाटांनी सुटतं. तेव्हा त्यावरून निवड करू नका.

माझी निवड ठरली ती डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून.

वडिलांच्या विहिरीला वीज येते ती 63 केव्हीएच्या डीपीवरून. कागदावर तिच्यावर अकरा पंप आहेत. प्रत्यक्षात किती हे विचारू नका. तीनची जोडणी घेऊन पाचची मोटर टाकलेले आहेत, पाचची घेऊन साडेसातची टाकलेले आहेत, आणि हंगामात तारेवर चोरून टाकलेले आकडेही असतात. तरीही एवढ्याने डीपी लगेच जात नाही. ती जाते ऑटोमुळे. प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला. लाईट आली की शेतात जायला नको, मोटर आपोआप चालू. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण लाईट आली त्या क्षणी सतरा मोटरी एकदम उठतात, आणि उठताना मोटर चालण्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, मोटरी गुरगुरतात, फ्यूज जातो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार टाकतो. पुढचा भार थेट डीपीच्या वाइंडिंगवर.

तीन वर्षांपूर्वी गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असताना आमची डीपी जळाली. अकरा दिवस गेले. वर्गणी जमवा, त्यात कोण देतो कोण देत नाही यावर पारावर भांडणं, डीपी उतरवा, ट्रॅक्टरवर घालून न्या, नंबर लागेपर्यंत थांबा, आणून चढवा. त्या अकरा दिवसांत विहिरीत पाणी काठोकाठ होतं. मी रोज सकाळी जाऊन बघत असे. एकरी बारा पोत्यांची सवय असलेल्या तुकड्यात त्या वर्षी आठ झाली, आणि दाणा असा बारीक की आईने हातात घेऊन परत पोत्यात टाकला, बोलली काही नाही.

गेल्या वर्षी आमची वाहिनी, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाईन, सौर झाली. वीज दिवसा येऊ लागली, वेळेवर येऊ लागली, याबद्दल तक्रार नाही. पण डीपी तीच, ऑटो तेच, जाड तारही तीच. हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला डीपी पुन्हा गेली. या वेळी सहा दिवसांत आली, हीही सुधारणाच म्हणायची. माझ्या मते या योजनेची खरी परीक्षा उपकेंद्रावर होत नाही, डीपीपासून विहिरीपर्यंतच्या शेवटच्या पाचशे मीटरमध्ये होते. आणि तिथं सरकारइतकेच आपणही दोषी आहोत. डीपीवरचा भार हलका करणारे कपॅसिटर किती जणांचे जोडलेले आहेत, हे ज्याने त्याने आपल्या पेटीत डोकावून बघावं.

ओढ्यापलीकडे ही भानगड नाही. पॅनल माझे, कंट्रोलर माझा, बटण माझं. बिघडलं तर माझं एकट्याचं बिघडतं आणि वर्गणी मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. फक्त हे शब्दशः घेऊ नका. सौर पंपाचेही नखरे आहेत, आणि विकणारा ते सांगत नाही.

हिवाळ्यात दहाच्या आधी पाण्याला जोर नसतो. भर धार अकरा ते तीन, त्यानंतर उतरती. ठिबक थेट जोडलं तर सकाळी शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून मी वरच्या अंगाला टाकी बांधली आणि आधी ती भरून घेतो. तो खर्च योजनेत नाही, धरून चाला. जुलैत पावसाचा खंड पडतो तेव्हा ऊन कडक असेल असं वाटतं, पण कित्येकदा नुसतं आभाळ दाटून असतं. पाऊसही नाही आणि पंपही नाही. जानेवारीत पहाटेची थंडी फार उतरली की बागेला रात्री पाणी सोडून ऊब द्यायची आमच्याकडे रीत आहे, ती सौर पंपाला जमत नाही. दर पंधरा दिवसांनी पॅनल पुसावे लागतात, तेही उन्हं चढायच्या आत. शेजारून कच्चा रस्ता जात असेल तर आठवड्याला. वानरांचं मी बोलत नाही.

एकदा कंट्रोलर बंद पडला. तक्रार नोंदवली, माणूस यायला नऊ दिवस लागले. मोसंबीच्या आंबे बहाराचा ताण तोडून आंबवणी, म्हणजे पहिलं हलकं पाणी, दिलेली होती आणि चिंबवणीची, म्हणजे त्यानंतरच्या पाण्याची, वेळ होती, म्हणजे जीव टांगणीला. शेवटी शेजाऱ्याच्या डिझेल इंजिनावर भागवलं. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे असते, विमाही असतो. सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न मलाही पडलेला आहे. तेव्हा पंप निवडताना अश्वशक्तीपेक्षा कुणाचा माणूस आपल्या तालुक्याच्या गावी राहतो, याची चौकशी आधी करा.

आणखी एक. बटण दाबलं की फुकट पाणी येतं, त्यामुळे हात सैल सुटतो. पहिल्या वर्षी मी मोसंबीला गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं, मार्चअखेर विहीर तळाला गेली. आता टाकी भरली की बंद करतो.

मामाच्या मुलाला मी काय सांगितलं? त्याचं शेत डीपीच्या अगदी टोकाला, आधीच सोळा पंप, आणि लावायची आहे बाग. त्याला म्हटलं, घेऊन टाक. तुमची डीपी नवी असेल, तिच्यावर पाच-सहाच समंजस माणसं असतील आणि नुसतं रब्बीचं भिजवायचं असेल, तर थांबायला हरकत नाही. विहीर फार खोल असेल तर सौर पंपाची धार आधी कुणाकडे तरी डोळ्यांनी बघून या, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. ही योजना पारंपरिक जोडणी नसलेल्यांसाठी आहे, त्यामुळे एकदा सोलर घेतला की त्या विहिरीवर लाईनचा विचार सोडूनच द्यायचा. मला त्याचं अजून तरी वाईट वाटलेलं नाही.

वडिलांच्या विहिरीची जोडणी मात्र मी सोडलेली नाही. यंदा डीपीवरच्या सगळ्यांनी बसून ऑटो काढून ठेवायचं आणि लाईट आल्यावर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटरी चालू करायचं ठरवलं. निम्म्यांनी काढले. बाकीचे "बघू" म्हणतात. त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ आहे.