आवाज नेमका कुठून येतोय? बीमफॉर्मिंग की होलोग्राफी

मायक्रोफोन अ‍ॅरे (आवाजाचा उगम शोधायला एकत्र बसवलेले अनेक मायक्रोफोन) घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी विचारतात, मायक्रोफोन किती? मला हा प्रश्न नंतरचा वाटतो. आवाज किती हर्ट्झचा आहे आणि त्याच्या किती जवळ जाता येईल, यावर बीमफॉर्मिंग आणि होलोग्राफी या दोन पद्धतींमधली निवड ठरते. म्हणून आधी एकाच मायक्रोफोनने आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते, काढा.

बीमफॉर्मिंग लांबून चालतं. लाट प्रत्येक मायक्रोफोनवर किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. तो उशीर भरून काढून सिग्नलची बेरीज केली की जिथला हिशोब जुळतो, तिथे पडद्यावरचा आवाजाचा नकाशा लाल होतो. पवनचक्कीचं पातं, धावती रेल्वे, जिथे हात पोहोचत नाही तिथे हेच वापरावं. बिलिंग्सली आणि किन्स या संशोधकांनी 1976 साली जेट इंजिनाचा आवाज असाच तपासला होता. हवेची गळती, ब्रेकची किंचाळी अशा चिरक्या आवाजांना ते उत्तम.

खर्जात मात्र ते लंगडं पडतं. अ‍ॅरे 1 मीटर व्यासाचा आणि यंत्र 1 मीटरवर असेल, तर 5000 हर्ट्झला साधारण 8 सेंटिमीटरवरचे दोन उगम वेगळे दिसतात, 1000 ला 42 सेंटिमीटरवरचे. 200 हर्ट्झला हे अंतर 2 मीटरवर जातं. म्हणजे घुमणारी मोटर अख्खीच्या अख्खी लाल दिसते, आणि तिचं झाकण वाजतंय की बेअरिंग, ते कळतच नाही.

तिथे होलोग्राफी. मायक्रोफोनची जाळी पृष्ठभागापासून काही सेंटिमीटरवर धरायची. पृष्ठभागाला चिकटून असणाऱ्या आणि चार बोटांवर विरून जाणाऱ्या लाटा तिथेच सापडतात, म्हणून खालच्या सुरातही बारीक तपशील मिळतो. पण जाळीने यंत्राची ती बाजू पूर्ण झाकली पाहिजे, आणि दोन मायक्रोफोनमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी हवं. 5 सेंटिमीटर अंतराची जाळी साधारण 3400 हर्ट्झपर्यंतच कामाची.

आवाज एकसारखा चालू राहत असेल आणि एकूण ध्वनिशक्तीच मोजायची असेल, तर दोन मायक्रोफोनचा इंटेन्सिटी प्रोब (आवाजाची ऊर्जा कोणत्या दिशेला किती वाहते ते मोजणारं उपकरण) पुरतो. अ‍ॅरेचा खर्च करूच नका.

बंदिस्त खोलीत एक काळजी घ्या. फरशीवर लाल ठिपका दिसला तर तिथे जाड फोम टाकून पुन्हा मोजा. ठिपका गेला आणि यंत्राचा आवाज तसाच राहिला, तर तो नुसता परावर्तित आवाज होता.