ऑफिसच्या जागेत हिस्सा, दरमहा भाडं: माझे ११,१८,७५० रुपये गेले

डोकं फिरलंय, सरळ लिहितो. ऑफिसच्या जागेत अनेकांनी मिळून पैसे टाकायचे आणि भाडं वाटून घ्यायचं, ही स्कीम काय असते ते सगळ्यांना माहितीये. जून २०२३ मध्ये मी ग्रॅच्युइटीतले १२,५०,००० भरले. बाणेरमधला एक मजला, तो घेणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे डिबेंचर, म्हणजे कंपनीला दिलेल्या कर्जाचे रोखे, आमच्या नावावर, वर्षाला ९ टक्के.

मी काही ९ टक्के ऐकून हुरळलो नव्हतो. पुण्यात फ्लॅट भाड्याने दिला तर किमतीच्या २-३ टक्के सुटतात, एफडीला तेव्हा ७ च्या आसपास, आणि चांगला भाडेकरू असलेल्या कमर्शियल जागेला ८-९ खरोखर मिळतात. महिन्याला ५ टक्के कोणी म्हणाला असता तर मी दारात उभा केला नसता. ही माणसं बरोबर हिशेबात बसणारा आकडा सांगतात. मी जागा बघून आलो, भाडेकरू कंपनीची पाटी होती, आत माणसं काम करत होती, सामान्य माणसाने अजून काय बघायचं?

दर महिन्याला ९,३७५ यायचे. पण तुम्ही इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, बघा आधी, आयजीआर म्हणजे नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्चला मिळतो, मालक कोण ते कळतं. पाटी बघून काही कळत नाही.

आणि जुलै २०२४. रिटर्न भरताना सीए म्हणाला, काका, डिबेंचरचं व्याज आहे तर टीडीएस कुठेय, २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या फॉर्ममध्ये, काहीच नाही, आणि पैसे तर कुठल्यातरी ट्रेडर्सच्या खात्यातून येतायत. ज्या सरांनी ही स्कीम दिली त्यांना लगेच फोन लावला. "काका, ते आपलं कलेक्शन अकाउंट, सेबीचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, तोवर तिकडून देतोय." सेबी म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिचे अशा स्कीमसाठीचे नियम मार्च २०२४ मध्ये आलेत हे मी पेपरात वाचलं होतं म्हणून मला ते पटलं. आता रात्र रात्र तेच डोक्यात फिरतं, कारण त्या नियमात स्कीमची मालमत्ता किमान ५० कोटींची आणि गुंतवणूकदार किमान २०० लागतात, आणि आमच्या ग्रुपवर होती वीस-पंचवीस माणसं! एक मजला! रजिस्ट्रेशन होणं शक्यच नव्हतं. पण फोनवरचा माणूस शांतपणे खोटं बोलत असेल हे कुणाला कसं कळावं?

ऑगस्टनंतर पैसे बंद, फोन बंद. हातात आले १,३१,२५०, बाकी गेले. मजला पहिल्यापासून भलत्याच माणसाच्या नावावर, खरं भाडं त्यालाच जात होतं. आम्हाला आमचेच आणि आमच्यामागून आलेल्यांचे पैसे थोडे थोडे परत देत होते.

पोलीस ठाण्यात गेलो तर हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. वरच्या ऑफिसात गेलो तर एकट्याची रक्कम आमच्या मर्यादेत बसत नाही, परत ठाण्यात जा. घरखरेदीच्या तक्रारी घेतात तिथे म्हणाले तुम्ही फ्लॅट कुठे घेतलाय. ऑनलाइन तक्रार केली तर कंपनी सेबीकडे रजिस्टर्ड नाही म्हणून तक्रार बंद, अहो रजिस्टर्ड नाही हीच तर तक्रार आहे! महाराष्ट्रात १९९९ पासून एमपीआयडी कायदा आहे, ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये एनएसईएल या कमोडिटी एक्सचेंजच्या प्रकरणात ठेवीची व्याख्या किती व्यापक आहे तेही सांगून ठेवलंय. हे मी, रिटायर्ड माणसाने, साहेबाला समजावून सांगायचं आणि त्याने मान वर न करता "अर्ज ठेवून जा" म्हणायचं. मी पैसे मागायला गेलो होतो, भीक मागायला नाही.

नोटरी केलेल्या एमओयूने, म्हणजे नुसत्या समजुतीच्या कराराने, जागेची मालकी मिळत नाही. पैसे ज्या कंपनीच्या खात्यात भरले त्याच खात्यातून परत येतायत का ते पहिल्याच महिन्यात बघा. स्कीम खरी असली तरी भाडेकरू निघून गेला की मजला महिनोन् महिने रिकामा पडतो, मेंटेनन्स आणि टॅक्स चालूच, आणि तुमचा हिस्सा विकत घ्यायला कोणी येत नाही, त्यामुळे ९ च्या ९ टक्के धरूच नका. 'ॲश्युअर्ड', म्हणजे परताव्याची हमी, हा शब्द ऐकला की उठून या.

बाणेरच्या याच मजल्यात अजून कुणाचे अडकले असतील तर बँक स्टेटमेंट आणि ग्रुपवरचे मेसेज आत्ताच काढून ठेवा, ॲडमिन उडवतायत. अर्ज एकत्र देऊ, एकट्याला हाकलून देतात.