गुलमर्ग, औली की सोलंग? मोहोर आणि शिमगा सांभाळून स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी

आमच्याकडे कोकणात वर्षभराच्या सुट्ट्या गणपतीत ठरतात, कारण तेवढेच पाच-सात दिवस सगळे एका छपराखाली असतात. यंदा आरती आटोपल्यावर मामेभावाने विषय काढला. मुलीला स्नोबोर्डिंग शिकायचंय, त्याला स्वतःला एकदा तरी स्कीवर उभं राहायचंय, आणि मामीला बर्फ बघायचाय, पण लांबून. "दादा, तू तिन्हीकडे जाऊन आलायस. गुलमर्ग, औली का मनाली?" मी गुलमर्ग म्हणून मोकळा झालो. तेवढ्यात मामीने पानाचा डबा मिटला आणि चर्चा रात्री अकरापर्यंत लांबली. त्या रात्री जे बोललो आणि जे राहून गेलं, ते इथे लिहितोय.

पहिला प्रश्न बर्फाचा. हॉटेल आणि भाडं नंतर बघता येतं. पाऊस कुठे पडतो आणि कुठे नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला थडकतात, आंबोलीला झोडपतात आणि घाटमाथा सोडून थोडं पूर्वेला गेलं की शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला. हिमालयातल्या हिवाळी बर्फाचं गणित असंच आहे, फक्त तिकडे हवा पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येते. हवामान खातं तिला पश्चिमी झंझावात म्हणतं. डिसेंबर ते मार्च त्यांच्या फेऱ्या चालतात. पीर पंजालची रांग त्यांना वाटेत आधी लागते आणि गुलमर्ग त्याच रांगेला टेकून आहे. औली पुष्कळ पूर्वेला, उत्तराखंडात. झंझावात तिथवर जाईपर्यंत बराचसा ओलावा सांडून आलेला असतो. मनालीजवळचं सोलंग या दोघांच्या मधलं, नकाशावरही आणि बर्फाच्या बाबतीतही.

म्हणून हमखास बर्फाच्या हिशेबात गुलमर्ग पहिलं. पण 'हमखास' हा शब्द जपून वापरतोय. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गच्या कुरणात पिवळं गवत दिसत होतं. बर्फ महिनाअखेरीला पडला. औलीत तर बर्फाअभावी स्पर्धा रद्द करायची वेळ आलेली आहे. तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं आहेत, पण थंडी पुरेशी नसेल तर तीही पाणी उडवण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग करा. नाताळात जाऊच नका. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां' असतो, सगळ्यात कडक थंडीचे दिवस. त्याच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मला तिन्ही ठिकाणी बरा वाटतो.

गुलमर्ग

श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर, उंची २,६५० मीटरच्या आसपास. टंगमर्गपर्यंत साधी गाडी, पुढचे तेरा किलोमीटर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली. गुलमर्गचं नाव ज्यामुळे गाजतं तो गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत. दुसरा २००५ चा, अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरवर. सकाळी श्रीनगरात चहा प्यायलेला माणूस दुपारच्या आत इतक्या उंचीवर उभा राहतो. आपण समुद्रसपाटीवरची माणसं. माझं तर वर पोचल्यावर अर्ध्या तासात डोकं जड झालं होतं.

परदेशातून लोक येतात ते या वरच्या टप्प्यासाठी. पण तो उतार यंत्राने सारखा केलेला रस्ता समजू नका. तो उघडा डोंगर आहे, भुसभुशीत बर्फाचा, आणि तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वेळा तिथे परदेशी स्कीपटू त्यात गेले. वर जाणारा माणूस अंगावर सिग्नल देणारा बीकन, बर्फात खुपसायची काठी आणि फावडं घेऊन, माहीतगार गाइडबरोबर जातो. वारा किंवा स्खलनाचा धोका असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, आणि तो दोन-दोन दिवस बंद राहू शकतो. नवशिक्याने फोटोसाठी वर जावं आणि गंडोल्यानेच खाली यावं. गाइड "कुछ नहीं होगा" म्हणाला तरी.

मग नवशिक्याने गुलमर्गला करायचं काय? खाली गोल्फ कोर्सच्या बाजूला सौम्य उतार आहेत, तिथेच आठवडा काढायचा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथे आहे, शिवाय खासगी शिक्षकही मिळतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारतातून एकटा गेलेला आरिफ खान याच भागातला. इथली पोरं चालायला लागली की पाठोपाठ घसरायला शिकतात, त्यामुळे शिकवणाऱ्यांची वाण नाही.

माझा पहिला दिवस सांगतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरताना आपण काय करतो? अंग मागे टाकतो, टाचेवर भार, पडलोच तर बुडावर. चाळीस वर्षांची सवय. स्कीवर नेमकं तेच केलं आणि स्की माझ्या हाताखालून, म्हणजे पायाखालून, सुटलीच. शिक्षक ओरडत होता, "आगे, आगे!" भार पुढे द्यायचा, गुडघे वाकवायचे, नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवायची. उतार दिसत असताना उतारावरच झुकायचं, हे डोक्याला पटतं पण पायाला पटत नाही. थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. शिक्षक त्याला पिझ्झा म्हणतात. इंग्रजीत त्याचं नाव स्नोप्लाऊ, आणि ते आपल्याला जास्त समजतं: बर्फातला नांगर. नांगर रुतला की वेग मेला. हे जमायला मला अडीच दिवस लागले, आणि त्या अडीच दिवसांत अफरवट ढगात होतं की उन्हात, याने काडीचा फरक पडला नाही.

बूट मात्र नीट बघून घ्या. एका दुकानाने मला मोठ्या मापाचे बूट दिले, मी दोन मोजे चढवून चालवून घेतले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली ती आंबे उतरेपर्यंत काळीच होती. एकच पातळ लांब मोजा, आणि बुटात टाच हलता कामा नये.

दुसऱ्या राज्याचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. घरात कुणाचं तरी पोस्टपेड असू द्या. आता मामी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं, त्यानंतर काश्मीर म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी दिलंही नाही. ज्यांच्या घरी हा प्रश्न सुटणार नसेल त्यांनी हट्ट धरू नये. दर तासाला घरून फोन येत असेल तर स्की शिकून होत नाही.

औली

औली मला आवडतं, पण शिकण्यापेक्षा बघण्यासाठी. समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे आणि देहरादूनला झाल्या, त्यातलं स्कीइंग इथे. गढवाल मंडळ विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं, राहण्या-जेवणासकट. उतार मोकळा, लांबून सगळा दिसणारा, त्यामुळे वर बाकावर बसलेल्या आईला खाली पडणारा मुलगा ओळखू येतो. आमच्या घरात हा मुद्दा मतदानात धरला गेला.

अडचण रस्त्याची. ऋषिकेशपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, अख्खा दिवस, नदीच्या कडेकडेने. पंचप्रयागांपैकी चार वाटेत लागतात, जोशीमठात नृसिंहाचं देऊळ आहे, म्हणजे मामीसाठी सोन्याहून पिवळं. पण आंबा घाटात ज्याला लिंबू हुंगावं लागतं त्याने या रस्त्याचा नीट विचार करावा. जोशीमठ ते औली रोपवे हे पूर्वी मोठं आकर्षण होतं, जवळपास चार किलोमीटर लांब. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना भेगा गेल्या आणि तेव्हा तो बंद झाला. गाडीने वर जायचं हेच धरून चला.

सोलंग

मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना भाड्याच्या कपड्यांची दुकानं. पाठीवर मोठा नंबर रंगवलेला ओव्हरकोट आणि गमबूट चढवून माणसं कैद्यांसारखी बाहेर पडतात. खाली कुणीतरी स्की बांधून देतो, पन्नास फूट धरून नेतो, व्हिडिओ काढतो आणि सांगतो, झालं. याला स्कीइंग म्हणणार असाल तर सोलंग स्वस्त आहे.

खरं शिकायचं असेल तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचा कोर्स. संस्था १९६१ पासूनची, शिस्तीची, पहाटे उठवणारी. पण कोर्स साधारण दोन आठवड्यांचा, तेव्हा कॉलेजातल्या मुलांना परवडेल. दुकान किंवा बाग असलेल्याला नाही. सोलंगच्याच वाटेवर बुरुआ गाव आहे. तिथल्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. म्हणजे उतारात खोट नाही, आपण तिथे जसे जातो त्यात आहे.

ज्या घरात एकालाच घसरायचंय आणि बाकीच्यांना खरेदी, देवळं, गरम पाण्याचं कुंड हवंय, त्यांना मनालीच बरी. सोलंगला बर्फ नसला आणि रस्ता खुला असला, तर अटल बोगद्यातून (२०२० पासून, नऊ किलोमीटर) पलीकडे सिस्सूला निदान बर्फ बघायला तरी मिळतो.

जॉर्जियातलं गुदौरी आणि कझाकस्तानात अल्माटीच्या वरचं शिम्बुलाक यांचीही हल्ली चौकशी होते. उतार यंत्राने सारखे केलेले, लिफ्ट सलग चालणाऱ्या. पण पहिल्या तीन दिवसांच्या धडपडीसाठी पासपोर्टवर शिक्का घ्यायची गरज मला वाटत नाही. आखातात भाऊ, काका असणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. दुबईच्या मॉलमधला स्की दुबई २००५ पासून चालू आहे, सगळ्यात लांब उतार ४०० मीटर. तिकडे जाणं होणारच असेल तर दोन दिवस तिथे नांगर धरायला शिकून घ्या.

पुतणीला मी वेगळं सांगितलं. स्कीवर तिसऱ्या दिवशी माणूस कसाबसा खाली येतो. स्नोबोर्डवर पहिले दोन दिवस नुसता बसतो, कारण दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. मार मनगटाला आणि माकडहाडाला. मनगटाचे गार्ड इथूनच न्यायचे. दोरीला धरून वर ओढणाऱ्या लिफ्टवर बोर्डवाल्याची फार तारांबळ होते. मात्र एकदा जमलं की बोर्ड झटपट पुढे सरकतो, स्की पुढे पुष्कळ दिवस छळते. आणि बोर्ड भाड्याने मिळण्याची, तो शिकवणारा माणूस सापडण्याची शक्यता तिघांत गुलमर्गला जास्त.

जायचं कसं, कधी

मंगला एक्सप्रेस रत्नागिरीला पकडून दिल्लीचं निजामुद्दीन गाठायचं, पुढे औलीला ऋषिकेशमार्गे, मनालीला रात्रीची बस. कोकण रेल्वेच्या रुळावरून थेट ऋषिकेशला आणि चंदीगडला जाणाऱ्या गाड्याही आहेत, पण रोजच्या नाहीत. वार आणि थांबा बघून ठेवा. श्रीनगरला मुंबईहून विमान, किंवा जून २०२५ पासून कटऱ्याहून वंदे भारत, तीन तासांच्या आसपास. वाटेतला चिनाबवरचा ३५९ मीटर उंच पूल कोकण रेल्वे कॉर्पोरेशनने उभा करून घेतलाय. हे ऐकल्यावर मामी पहिल्यांदा जरा सैलावली.

खरी गोची तारखांची. बर्फाचे चांगले दिवस म्हणजे आपल्याकडे मोहोराचे दिवस. तुडतुड्यांवर फवारणी एक आठवडा चुकली तर मेमध्ये पेट्या मोजायला बोटं पुरतात. मार्चात जावं तर शिमगा. पालखी घरी येणार आणि घरधनी बर्फात, हे आमच्या वाडीत चालायचं नाही. मधे उरतात फेब्रुवारीचे आठ-दहा दिवस, दोन फवारण्यांच्या मधले.

भावाने शेवटी गुलमर्गच धरलंय, मामी श्रीनगरपर्यंत येते म्हणालीय. फवारणीचा पंप कोण धरणार हे अजून ठरलेलं नाही, पण परवा त्याने फोन करून माझ्या फेब्रुवारीच्या तारखा विचारल्या.