दोन एअरलाइन्सच्या मधली वाट: व्हीलचेअर असिस्टन्सचा माझा अनुभव

गेल्या वर्षापासून मी एकटीच लेकीकडे टोरंटोला जाणं-येणं करतेय. वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे, इंग्रजी वाचता येतं पण कोणी भरभर बोललं की कळत नाही. गाव वरूड तालुक्यात. नागपूर-मुंबई एक एअरलाइन, मुंबई-फ्रँकफुर्ट दुसरी, तिथून टोरंटो तिसरी. आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात आता बऱ्याच घरांतली पोरं बाहेर आहेत आणि आईवडील निव्वळ या बदलाबदलीच्या धास्तीनं जात नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तिकिटाचं. एअरलाइन्स तीन असोत, पण तिकीट एकच आणि पीएनआर एकच हवा. स्वस्त पडतं म्हणून पोरं तुकड्या-तुकड्यानं तिकिटं काढतात. मग पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर दुसरी एअरलाइन हात वर करते. एकाच तिकिटावर असलं की पुढच्या विमानाची सोय करून देणं त्यांच्यावर येतं. शिवाय वेगळ्या तिकिटात बॅग मध्येच ताब्यात घ्यावी लागू शकते. फ्रँकफुर्टला त्यासाठी इमिग्रेशन पार करून बाहेर जावं लागतं, आणि कॅनडाच्या व्हिसावर जर्मनीत बाहेर पडता येत नाही. दोन विमानांमध्ये मी तीन तासांपेक्षा कमी वेळ घेतच नाही.

नागपूरच्या काउंटरवर बॅगेला टॅग लावतात, तो पट्ट्यावरून आत जाण्याआधी वाचून घ्यायचा. शेवटच्या ठिकाणाची तीन अक्षरं मोठ्या ठशात असतात. टोरंटोची अक्षरं वाय-वाय-झेड, म्हणजे गावाच्या नावाशी काडीचा संबंध नाही. मी ती कागदावर लिहून नेते आणि टॅगशी ताडून पाहते. टॅगची पावती पासपोर्टच्या कव्हरात.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगावी, निदान ४८ तास आधी तरी. तिचे प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढवत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. मी दुसरा घेते, कारण विमानाला कधी शिडी लागेल याचा भरवसा नाही. सेवा मोफत आहे. एका ठिकाणी खुर्ची ढकलणाऱ्यानं शेवटी पैशांसाठी हात पुढे केला. खुशीनं द्यायचे तर द्या, पण सक्ती कोणाचीच नाही.

लेक फोनवर म्हणाली होती, "तू काऊन घाबरतं वं आई? ते लोक नेतीन तुले." नेतात, अगदी मायेनं नेतात. सिक्युरिटीच्या रांगेतून पुढे काढतात, औषधाची पिशवी उचलून ट्रेमध्ये ठेवतात. अडचण येते ती एका माणसानं दुसऱ्याच्या हवाली करताना. फ्रँकफुर्टला हे सगळ्यात नीट होतं. युरोपात ११०७/२००६ या नियमानुसार ही मदत एअरलाइननं नव्हे, विमानतळानं द्यायची असते, त्यामुळे कंपनी बदलली तरी खुर्ची बदलत नाही. बाकी ठिकाणी मात्र जपावं लागतं. परतीच्या एका प्रवासात एका विमानतळावर मला खुर्च्यांच्या ओळीत बसवून माणूस निघून गेला. समोरच्या पडद्यावर माझं गेट बदललं, बोर्डिंग सुरू झालं, तरी कोणी फिरकेना. मी उठून डेस्कवर गेले आणि बोर्डिंग पास पुढे ठेवला, तेव्हा कुठे धावपळ झाली. बसल्या जागी वाट पाहत राहिले असते तर विमान गेलंच असतं.

तेव्हापासून एक नियम केलाय: पुढच्या माणसानं माझा बोर्डिंग पास हातात घेऊन वाचल्याशिवाय आधीच्याला जाऊ द्यायचं नाही. गळ्यात नातवानं ठळक इंग्रजीत लिहिलेलं कार्ड असतं: नाव, पुढच्या विमानाचा नंबर, सुटायची वेळ, कनेक्टिंग फ्लाइट. कार्ड दाखवलं की भाषेचं अडत नाही. खुर्चीत बसण्याआधी बाथरूमला जाऊन यावं. बोर्डिंग पासवरची वेळ तिथली स्थानिक असते. उन्हाळ्यात फ्रँकफुर्ट आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. मनगटावरचं घड्याळ मी आपल्याच वेळेवर ठेवते, बीपीची गोळी त्यावरच घेते. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. पॉवर बँकही जवळच. खोबऱ्याच्या डोला मात्र घरीच ठेवा. सुकं खोबरं पेट घेणाऱ्या मालात मोडतं, बॅगेतून काढायला लावतात.

येताना मुंबईत बॅगा पट्ट्यावरून घेऊन, कस्टम्समधून काढून नागपूरसाठी पुन्हा द्याव्या लागल्या. तिथे खुर्चीवाल्याला आधीच सांगा, "बॅगा घ्यायच्यात, मग नागपूरचं विमान." नाहीतर तो सरळ बाहेरच्या दारापर्यंत सोडून मोकळा होतो. ज्यांना ऑक्सिजन लागतो किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी नुसत्या व्हीलचेअरवर विसंबू नये. एअरलाइनचा मेडिफ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून आधीच पाठवावा.